पळसदेवला राहिलेल्या बांगड्या

हौसे, तुझं तेरावं काल उरकलं. पाव्हणेरावळे गेले, मोठाली भांडी ज्याची त्याला पोचती केली, अन् आत्ता कुठं मला बसायला सवड मिळाली. दुकानामागच्या खोलीत बांगड्यांच्या पेट्यांफुडं फतकल मारून बसलेय. तुझ्याशी बोलायचंय. सुरवात करताना तोंडात 'अगं मेले' आलं अन् तितंच अडखळले. इतकी वर्षं तुला दुसरी हाक मारली न्हाय मी. आता ती बी माझ्याकडनं काढून घेतलीस.

पहिलं भांडण तर हेच. गल्लीतल्या साऱ्या बाया एका तोंडानं म्हणत होत्या, "अहेव गेली गं बाई. कपाळभर कुंकू घेऊन गेली. भाग्याची!" मी थोरली जाऊ, तू धाकटी. ह्या घरात मी आधी आले, मंग तू. पाळी कुणाची होती? मी रडत होते, खोटं कशाला बोलू, पदर पार वला झाला होता. पण रडता रडता बी मनात आलंच, बघा, हितं बी हीच फुडं.

मी तुझ्यावर जळत होते ही काय आज उघडी करायची गोष्ट न्हाय. तुला म्हाईत होतं, तुझ्या नवऱ्याला म्हाईत, माझ्या नवऱ्याला म्हाईत, आपल्या बैलांना सुदीक म्हाईत असंल. एकदा काटेवाडीला कॅनॉलवर धुणं धुताना मी सरळ तोंडावर म्हणले, "हौसे, तुला बघितलं की माझ्या पोटात दुखतं." तू लुगडं आपटत म्हणलीस, "दुखू दे अक्का. वव्याची पूड हाय माझ्याजवळ." असं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी माझं धुणं उचललं अन् वरच्या दगडावर जाऊन बसले. तू बी तुझं धुणं उचलून माझ्यामागं तितंच आलीस.

कासाराच्या घरात पडलो आपण दोघी. बारामतीच्या पेठेत दुकान हाय खरं, पण खरा धंदा उन्हाळ्याच्या फेरीचा. दौंडावरनं छोट्या आगगाडीनं पेट्या यायच्या. गवतात गुंडाळलेल्या बांगड्या आपण उलगडायचो, रंगावार दोऱ्यात ओवायचो, अन् चैत्र सरायला लागला की गाडी जुंपायची. फुडं दोघं भाऊ, मागं पेट्यांच्या मधी आपण, पाय दुमडून. खडीवर चाक आदळलं की दोघींचे हात एकदम पेटीवर. लोकं लेकरं सांभाळत प्रवास करत्यात, आपण काच सांभाळत केला.

पहिला मुक्काम काटेवाडी. उसाची गार हवा, पाण्याची चंगळ. फुडं सणसर, लासुर्णं, निमगाव केतकी, तितनं इंदापूर. मंग भीमेकाठी पळसदेव, अन् भिगवणच्या वाटेनं परत घरी. ऐन लग्नसराईत ह्या वाटेवरच्या लेकीबाळी आपल्याफुडं हात करायच्या. आपल्याफुडं म्हंजे तुझ्याफुडं. माझ्याफुडं यायच्या ज्यांना चुलीवर काही ठेवून आल्यामुळं घाई असायची त्या.

तू लोणी भापकरची. तिकडं प्यायच्या पाण्याची मारामार, हंडे वाहून बायकांच्या हाताला घट्टे पडत्यात. तुझी बोटं तेवढी मऊ कशी राहिली देव जाणे. लगीन होऊन आलीस त्याच साली सासूबाईंनी तुला भरायला बसवलं. मला दोन उन्हाळे नुसतं दोऱ्या वळायला लावलं होतं, हां! अन् पहिल्याच दिवशी तू काटेवाडीत एका म्हातारीचा हात धरलास. सांधे सुजलेले, हात लाकडागत झालेला. म्हातारी सुनेच्या चुगल्या सांगत बसली होती. सांगून झाल्यावर तुला म्हणते कशी, "अगं, भर की आता, किती वेळ हात धरून बसलीस!" तिला कळलंच न्हवतं. बांगड्या कवाच मनगटावर जाऊन बसल्या होत्या. सासूबाई माझ्याकडं बघून हसल्या. आता सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, पण ते हसणं अजून माझ्या डोळ्यात खुपतं.

मी भरायला बसले की बाया डोळे घट्ट मिटून घ्यायच्या. तू बसलीस की गप्पा मारायच्या. ह्यात सारं आलं.

लासुर्ण्याचं ते लगीन आठवतंय का? नवरीचा हिरवा चुडा भरायचा होता अन् तू पाणी प्यायला आत गेली होतीस. मी म्हणले आज दाखवतेच. पहिली बांगडी वाढली. फुटली म्हणायचं न्हाय, वाढली म्हणायचं, हे मला सासूबाईंनी थोबाडीत मारून शिकवलंय. पण म्हणून काय काच सांधतो? दुसरी वाढली. तिसरी वाढली तशी मांडवात कुजबुज सुरू झाली. चुड्याच्या बांगड्या अशा वाढायला लागल्या की पोरीचं फुडं कसं व्हायचं म्हणून बायकांचा जीव कासावीस होतो. नवरीची आज्जी उठून उभी राहिली. तेवढ्यात तू आलीस. माझ्या हातातली जुडी घेतलीस, उन्हात धरलीस, अन् साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणलीस, "अगं अक्का, ही जुडीच पिचकी निघाली की! वढ्यात गाडीला दणका बसला न्हाय का, तवाच गेली ही. दुसरी काढ."

जुडी चांगली होती. तुला म्हाईत होतं, मला म्हाईत होतं. वढा तर त्या वाटेला न्हवताच. दुसऱ्या जुडीतनं तू चुडा भरलास, आज्जीबाई खाली बसल्या, अन् आपल्या दोघींना सारखंच हळदीकुंकू मिळालं. गाडीत बसल्यावर मी इंदापूर येईस्तवर तुझ्याशी बोलले न्हाय. तू माझी अब्रू झाकलीस, तेच मला सोसलं न्हाय. आज म्हणते, बरं झालं बाई तू होतीस. त्या आज्जीनं मला मांडवातनं हाकलली असती. पण तवा मी जळत होते ते बी खरं, अन् आज बी ते आठवून थोडी जळतेच.

अन् इंदापूर? ते तर माझं माहेर. तितं तरी माझा मान असावा की न्हाय? आईनं भाकरी वाढली, ताक दिलं, पाठीवरनं हात फिरवला. म्हणली, किती वाळलीस गं. मी खुशीत पेटी उघडली अन् म्हणले, "आई, हात आण." तर म्हणते कशी, "तू दमली असशील गं बाई, टेक जरा. हौसा, तू भरतीस का?"

दमली असशील! मला पोटात वाढवली त्या बाईनं, अन् हात तुझ्याफुडं केला. तू माझ्याकडं बघितलंस अन् हळूच म्हणलीस, "मावशी, अक्कालाच भरू द्या की." तशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मागून दिलेलं काम मला नकोच होतं. मी ताकाचं भांडं घेऊन वसरीवर जाऊन बसले. तितं शेजारची मास्तरीण बांगड्या उन्हाला धरून मला विचारत होती, "या जपानी तर नाहीत ना? आमच्याकडे स्वदेशीच चालतात." म्हणलं न्हाईत बाई जपानी, आणा हात. "नको, त्या दुसऱ्या बाईंकडून भरून घेईन," असं म्हणून ती बी आत तुझ्याकडं गेली. आईच्या बोलण्याचा राग मी त्या मास्तरणीवर काढला. जाताना तिनं पाणी मागितलं तर तांब्या लांब ठेवला.

तरी बी फेरीतला एक दिवस माझा असायचा. परतीचा.

सासूबाईंनी घालून दिलेली रीत. फेरीवर असस्तवर आपल्या हातात जुन्या, बेरंगी, उरल्यासुरल्या बांगड्या. पेटीतल्या मालाला आपण शिवायचं न्हाय. शेवटचं गाव पळसदेव. तितल्या बायांचे हात भरून झाले की गाडी नदीवर न्यायची. भाऊ भाऊ बैलं धुवायला पाण्यात उतरायचे, अन् आपण देवळाच्या सावलीला वाळूत बसायचो. हात धुवायचे अन् उरलेल्या मालातली एकेक जुडी एकमेकींच्या हातात भरायची. आपल्या हातानं आपल्या हातात भरायची न्हाय. घरच्या उंबऱ्यात भरल्या हातानं जायचं. सासूबाई म्हणायच्या, साऱ्या मुलखाचे हात भरता, अन् दारात उतरताना तुमचेच हात बोडके दिसले तर कसं व्हायचं?

त्या दिवशी तुझा हात माझ्या हातात असायचा. दुसरं कुणी तितं नसायचं, ना पाटलीण, ना माझी आई. अन् दर साली तितंच आपलं भांडण. तू माझ्या हातात भरायचीस ते मला कळायचं न्हाय. मी तुझ्या हातात भरायला घेतल्या की एखादी तरी वाढायचीच.

"मुद्दाम ताठ धरतीस हात," मी म्हणायची.

"न्हाय गं अक्का. मोकळा सोडलाय बघ. घाई तुला हाय."

"मला घाई? अगं मेले, अंगठा आत घे आधी!"

"घेतलाय की. कोण तुझ्या मागं लागलंय? जरा दम धर, हाताला सांग, मंग हात ऐकतो."

हाताला सांग म्हणे! मनगटावर आलेला रक्ताचा ठिपका तू पाण्यात धुवायचीस अन् हसायचीस. मंग वाळूतले काचेचे तुकडे एकेक वेचून पदरात घ्यायचीस, बैलाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. मी तशीच बसून बघायची. मी म्हणायची हात तू ताठ धरतीस, तू म्हणायचीस मला घाई हाय. दर उन्हाळ्याला हेच. कवा मिटलं न्हाय.

औंदाच्या फेरीला मंजुळा आली. माझी लेक खरी, पण उठली की तुझं तोंड बघायची. तुला लेकरू न्हाय म्हणून तू तिला जीव लावलास, तो मी कवा मोजला न्हाय. खोटं. मोजला. तिची वेणी तू घालायचीस, ताप आला की तुझ्या मांडीवर डोकं. कार्तिकात तिचं लगीन धरलंय, म्हणून म्हणलं एक उन्हाळा आपल्याबरोबर फिरंल, धंद्यातल्या चार गोष्टी शिकंल. अन् तिच्या चुड्याच्या बांगड्या मी पेटी उघडली त्याच दिवशी निवडून बाजूला ठेवल्या होत्या. सारा मुलूख तुझा, हौसे. तेवढे दोन हात माझे, असं मी मनाशी धरलं होतं. दुसरं काही मागितलं न्हवतं मी देवाकडं.

पळसदेवला नदी आटून एका धारेवर आली होती. वाळूतल्या टरबुजाच्या वाडीतनं भावजींनी एक टरबूज आणलं, मंजी ते कापत होती. आपण हात धुतले. औंदा हिरव्याच बांगड्या उरल्या होत्या, दोन जुड्या. तू त्या मांडीवर घेतल्यास अन् माझ्याफुडं हात धरलास. धाकटीचा आधी भरायचा, म्हणून. तेवढ्यात मंजी हसत हसत म्हणली, "आई, माझा चुडा काकूच भरंल हं. तू भरलास तर मी मांडवातच रडत बसंन."

पाण्यातनं दोघं भाऊ हसले. तू हसली न्हाईस. तू म्हणलीस, "काय बाई बोलतीस! तुझी आई भरंल. मी नुसती शेजारी बसंन, लागलं तर हात धरायला."

ते शेवटचं वाक्य तू बोलायला नको होतंस.

"दान देतीस व्हय गं मला?" मी म्हणले. "माझ्या लेकीचा चुडा, अन् तू मला दान देतीस?"

"अक्का, तसं न्हाय..."

"मंजीकडनंच भरून घे तू बी. माझा हात काय, काच फोडायचा हात!"

जो शब्द कासारणीच्या तोंडी यायचा न्हाय, तो मी नदीवर मोठ्यानं म्हणले. तू कानावर हात ठेवलेस. मी पदर झटकला अन् गाडीत जाऊन बसले. मागं वळून बघितलं तर तू परत तशीच, हात फुडं धरून. मंग तू दोन्ही जुड्या फडक्यात बांधल्यास अन् रिकाम्या पेटीत ठेवल्यास.

बोडक्या न्हाय, पण जुन्या हातानं आपण औंदा घरी आलो. जाताना काच वाजू नये म्हणून आपण पेट्या दाबून धरायचो. येताना पेट्या रिकाम्या, त्या खडखड वाजायच्या अन् त्यांच्यावरनं आपण मोठमोठ्यानं बोलायचो. कुठली नवरी कशी, कुठल्या सासूनं नाक मुरडलं, कुणाच्या घरचं पिठलं खारट. औंदा भिगवणपातूर नुसत्या पेट्याच वाजल्या. तू टरबुजाची फोड फुडं केलीस, मी घेतली न्हाय. मागनं मोटार धुरळा उडवत गेली तशी तू माझा पदर डोळ्यांवर वढलास. मी तो झटकला. बारामती दिसायला लागली तवा तू म्हणलीस, "अक्का, घरी गेल्यावर भरू."

मी म्हणले, "बघू."

त्या बघूतच जेष्ठ गेला, आषाढ गेला. फडकं पेटीत तसंच. तू त्या पेटीकडं बघायचीस तवा मी दुसरीकडं बघायची. मी बघायची तवा तू झाडू घेऊन उठायचीस. बोलत होतो की आपण, मीठ दे, दार लाव, सारं बोलत होतो. तेवढं एक सोडून.

मंग श्रावणात ताप आला. साऱ्या गल्लीत होता, पावसाळ्याचा ताप, कुणाला चुकला न्हाय. वैद्य झाला, डॉक्टरला बी आणलं. तो नदीवरचा शब्द त्याला कारण हाय असं मी मानत न्हाय. मानलं तर मला ह्या घरात भाकरी गिळायची न्हाय. एका दुपारी तुला पेज पाजताना तू हात चादरीभाईर काढलास. त्या जुन्या बेरंगी बांगड्या. म्हणलीस, "अक्का, हात लई जुना दिसतोय गं."

मी म्हणले, "बरी हो, मंग भरू. आत्ता हात हलला की दुखंल."

खरं सांगू? मला भ्या वाटलं. तापलेल्या हातात माझ्या हातनं एखादी वाढली असती तर? तू हात परत आत घेतलास.

तू गेलीस त्या दिवशी सकाळी बायांनी तुला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं. सवाष्णीला भरल्या हातानं पाठवायचं. कुणीतरी मागनं हळू म्हणली, "पलीकडच्या आळीतल्या कासारणीला बोलवायची का?" मी बसलेली असताना! मी म्हणले, "हिच्या हाताला कुणी शिवायचं न्हाय." उठले, पेटी उघडली, फडकं सोडलं. पळसदेवची तुझी जुडी काढली.

हौसे, तुझा हात ताठला होता. आता तू मुद्दाम ताठ धरतीस असं म्हणायची सोय न्हवती. हात तापानं वाळला होता खरा, पण हाड वाळत न्हाय, हे तुला मी काय सांगू? अंगठा आत घ्यायला सांगावं तर कुणाला? मी तुझ्या शेजारी बसले. अंगठ्याचा गड्डा माझ्या तळव्यात धरला अन् चोळत राहिले. भाईर माणसं खोळंबली होती. कुणी म्हणालं, उरका, पाऊस येतोय. मी वर बघितलं न्हाय. पुन्यांदा चोळला. तोंडानं काहीबाही बोलत होते मी तुझ्या हाताशी, बायांना वाटलं रडतीय. मंग पहिली चढवली. मंग दुसरी. एका हातातल्या झाल्यावर दुसरा हात घेतला, तो बी तसाच चोळला. मला घाई न्हवती. भरून झालं की तुला उचलणार होते, म्हणून जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवलं.

एक बी वाढली न्हाय.

ऐकतीस का? एक बी न्हाय. अन् साऱ्या बाया काय म्हणल्या असतील? "बघा गं, किती मऊ हात हौसाचा. गेल्यावर सुदीक बांगड्या अलगद गेल्या!" माझ्या कपाळाची शीर तडकली. वाटलं वरडून सांगावं, अगं बायांनो, हात न्हाय मऊ, भरणारी मी हाय! ह्या गल्लीत ते काम कळणारी एकच बाई होती, ती डोळे मिटून पडली होती. अन् वाद बी तूच जिंकलीस की गं. हात कवा न्हवता इतका ताठ, अन् तरी एक वाढली न्हाय. म्हंजे इतकी वर्षं घाई माझीच होती. मरून बी जिंकतीस म्हंजे काय म्हणावं तुला?

पाव्हणे गेल्यावर मंजी माझ्याजवळ येऊन बसली. तुझ्या नवऱ्यानं सांगितलंय, लगीन थांबवू नका, हौसाला आवडायचं न्हाय. मंजी खाली बघत म्हणली, "आई, कार्तिकात चुडा तूच भर." मंग म्हणली, "काकू मला गाडीतनं उतरताना म्हणली होती, तुझ्या आईला कुणी घाई लावली न्हाय तर तिच्यासारखा हात साऱ्या बारामतीत न्हाय. तू तिलाच भरू दे."

हे तू तिला सांगितलंस? मला का न्हाय? पेट्यांच्या मधी गुडघ्याला गुडघा लावून किती उन्हाळे फिरलो आपण. एवढं एक वाक्य ऐकायला मी जलमभर कान टवकारून बसले होते, अन् तू ते पोरीच्या कानात सांगून गेलीस. माझं होतं ते. आता त्या पोरीवर बी जळू का मी?

भरंन मी तिचा चुडा. दम धरून भरंन, हाताला सांगून भरंन. तू शेजारी नसशील, लागलं तर हात धरायला. तेच मी मागितलं होतं न्हाय का, तू शेजारी नको म्हणून? मिळालं.

माझी जुडी अजून फडक्यात हाय. मंजी आत्ता म्हणली, "आण आई, मी भरते." मी हात फुडं केला. तिनं अंगठा धरला, चांगला धरला, तू शिकवलेलं दिसतंय. अन् मी हात मागं घेतला.

तुझे हात मी भरून पाठवले, हौसे. माझे अजून पळसदेवला होते तसेच हायेत.